राईचा पर्वत

शास्त्रपाठ : गणना, अध्याय १३ व १४



कनान देश हेरून परत आलेल्या बारा पुरुषांची कथा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. दोघे जण दांड्यावर द्राक्षांचा घड वाहून नेत आहेत, हे चित्र शब्बाथशाळेत शिकलेल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे सहज उभे राहते. ह्या कथेवरून बहुधा अविश्वासाविषयी बोध केला जातो, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु तो अविश्वास कोणत्या वाटेने इस्राएलाच्या छावणीत शिरला, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो एका वाढवून सांगितलेल्या बातमीच्या वाटेने शिरला. म्हणून राईचा पर्वत करण्याची जी खोड मनुष्यमात्राच्या जिभेला जडली आहे, तिजविषयी आज आपण वचनाच्या प्रकाशात थोडा विचार करू.

हेरांनी एक नव्हे, तर दोन बातम्या सांगितल्या, हे प्रथम ध्यानात घ्यावे. चाळीस दिवसांनी परत आल्यावर त्यांनी मोशेला व सर्व मंडळीला जी पहिली बातमी दिली, ती बहुतांशी खरी होती. देश सुपीक आहे, हे त्यांनी कबूल केले व तेथील फळे पुढे ठेविली. लोक बलवान आहेत, नगरे मोठी व तटबंदीची आहेत, आणि अनाकाचे वंशजही आम्ही तेथे पाहिले, असे ते म्हणाले. ह्यात खोटे काही नव्हते. त्याच अध्यायात हेब्रोन नगरात राहणाऱ्या अनाकवंशीयांची नावे दिली आहेत. ती तीन आहेत : अहीमान, शेशय व तलमय. ही तीन माणसे समजा किंवा तीन घराणी समजा, पण संख्या तीन.

पुढे कालेबाने लोकांना शांत केले व आपण वर जाऊन देश हस्तगत करू या, असे म्हटले. तेव्हा मात्र बाकीच्या दहांची जीभ पालटली. आता ते सांगू लागले की, हा देश आपल्या रहिवाशांस खाऊन टाकणारा आहे. तेथे आम्हांस जे लोक दिसले, ते सगळेच्या सगळे धिप्पाड आहेत. आम्ही त्यांच्यापुढे टोळांसारखे होतो, आणि त्यांनाही आम्ही तसेच दिसलो. पाहा, थोड्या वेळात काय झाले! तिघांचे सगळे झाले. सुपीक देश नरभक्षक झाला. जो देश आपल्या लोकांस खाऊन टाकतो, त्यात एवढे धष्टपुष्ट राक्षस कसे वाढले, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. अष्कोलच्या ओढ्याकाठचा तो घड समोर पडला असताही कोणाला त्याची आठवण झाली नाही. आणि कनानी लोकांच्या दृष्टीने आपण टोळ आहो, हे ह्या हेरांना कोणी सांगितले? ते तर गुपचूप गेले होते. कोणाच्या मनात शिरून त्यांनी ते पाहिले नव्हते. स्वतःच्या मनातील भीती त्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांत घातली व ती बातमी म्हणून सांगितली.

त्या लोकांच्या मनात खरोखर काय होते, हे आपल्याला पुष्कळ वर्षांनी कळते. यहोशवाने यरीहोस हेर पाठविले, तेव्हा राहाबेने त्यांना सांगितले की, तांबड्या समुद्राचे पाणी तुमच्यापुढे आटले हे ऐकल्यापासून आमच्या लोकांच्या काळजाचे पाणी पाणी झाले आहे. म्हणजे ज्यांच्या भीतीने इस्राएल रात्रभर रडले, तेच लोक तिकडे इस्राएलाच्या भीतीने कापत होते! दहा माणसांच्या तोंडच्या वाढीव शब्दांमुळे एका पिढीला चाळीस वर्षे अरण्यात काढावी लागली. दर एका दिवसाबद्दल एक वर्ष. वाढवून बोलणे हा जिभेचा किरकोळ दोष आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी ही चाळीस वर्षे एकदा मनात मोजून पाहावी.

आता ही खोड आपल्यात येते कोठून? तिची मुळे निरनिराळी आहेत. कधी भीती बोलते, जशी ह्या हेरांच्या ठायी बोलली. कधी अभिमान बोलतो, आणि आपल्या हातून झालेले काम दुप्पट होऊन बाहेर पडते. कधी राग बोलतो, आणि शेजाऱ्याच्या एका कठोर शब्दाची दहा शिव्या होतात. कधी दुःख बोलते. आणि पुष्कळ वेळा ह्यांपैकी काहीच नसते. पारावर बसलेल्या चार माणसांनी आपल्याकडे वळून पाहावे, एवढीच इच्छा असते. साध्या बातमीला कोणी मान वर करीत नाही, म्हणून तिला तिखटमीठ लावावयाचे. बोलणाऱ्याला आपण खोटे बोलत आहो असे वाटतही नाही. जो साफ खोटे बोलतो, त्याला निदान खरे काय हे ठाऊक असते. वाढवून बोलणारा मात्र काही दिवसांनी स्वतःच्याच शब्दांवर विश्वास ठेवू लागतो, व खरे काय होते हे त्याला आठवेनासे होते.

विद्वानांनीही ह्या गोष्टीचा बारकाईने शोध केला आहे. अमेरिकेतील ऑलपोर्ट व पोस्टमन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी एका मनुष्याला चित्राचे वर्णन ऐकवावे, त्याने ते दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे प्रयोग केले. त्यांत असे दिसून आले की, गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिच्यातील पुष्कळसा तपशील गळून पडतो. जो थोडा उरतो, तो अधिक ठळक होतो. आणि ऐकणाऱ्याच्या मनात जे ग्रह आधीपासून घर करून बसलेले असतात, त्यांच्या साच्यात ती गोष्ट ओतली जाते. एका चित्रात वस्तरा गोऱ्या मनुष्याच्या हातात दाखविला होता. पण सांगता सांगता पुष्कळ प्रसंगी तो काळ्या मनुष्याच्या हातात गेला. कोणी मुद्दाम खोटे बोलले नव्हते. ज्याच्याविषयी मनात आधीच संशय होता, त्याच्या हातात वस्तरा आपोआप जाऊन बसला. म्हणून वाढवून सांगितलेल्या गोष्टीचे ओझे बहुधा त्याच्याच डोक्यावर पडते, जो दुबळा आहे, परका आहे, किंवा ज्याच्या बाजूने बोलावयास कोणी नाही.

हे केवळ परक्या देशातील प्रयोगशाळेतले नाही. आपल्या महाराष्ट्रातच, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या गावी, १ जुलै २०१८ रोजी काय घडले, ते पुष्कळांना आठवत असेल. तो रविवार होता व गावचा बाजार भरला होता. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष त्या गावी आले होते. भटकंती करून, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे. त्यांची घरे दूर सोलापूर जिल्ह्यात. जमावाने त्यांना मुले चोरणारे ठरविले, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत पाचही जणांना मारून मारून ठार केले. ज्या अफवेपायी त्यांचे प्राण गेले, ती खोटी होती.

बंधूंनो, त्या जमावातील प्रत्येक मनुष्य सकाळी उठला, तेव्हा खून करण्याच्या विचाराने उठला नव्हता. ज्यांनी तो संदेश पुढे पाठविला, त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो मुलांच्या काळजीपोटीच पाठविला असेल. कोणी त्याला एखादा शब्द जोडला असेल. कोणी दूरच्या गावाचे नाव काढून जवळच्या गावाचे घातले असेल. कोणी ‘असे म्हणतात’ हे शब्द गाळले असतील. प्रत्येकाने एकेक खडा टाकला आणि शेवटी पाच घरांवर दगडांचा ढीग पडला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. यंत्राला मर्यादा घालता येते. जिभेला व बोटाला मर्यादा घालण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. याकोबाच्या पत्रात जिभेला अग्नीची उपमा दिली आहे, आणि लहानशी ठिणगी केवढे रान पेटविते ह्याकडे आपले लक्ष वेधले आहे. वणवा लागल्यावर पहिली काडी कोणी ओढली, हे कोणास सांगता येत नाही. पण देवापुढे प्रत्येक काडीचा हिशेब आहे.

वाढवून बोलण्याने आणखी एक हानी होते, ती सहसा आपल्या लक्षात येत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात ती दिसते. अबशालोमाने आपला भाऊ अम्नोन ह्याला मेजवानीत मारविले. बाकीचे राजपुत्र खेचरांवर बसून पळाले. पण ते वाटेत आहेत तोच दावीद राजाकडे बातमी येऊन पोहोचली की, अबशालोमाने सर्व राजपुत्रांना मारिले, एकही उरला नाही. राजाने वस्त्रे फाडिली व तो भूमीवर पडून राहिला. तेव्हा योनादाब त्याला म्हणाला की, सर्व राजपुत्र मेले असे महाराजांनी समजू नये. केवळ अम्नोन मेला आहे.

‘केवळ’ ह्या शब्दाकडे पाहा. एका बापाचा पोटचा मुलगा दुसऱ्या मुलाच्या हुकमाने मारला गेला, आणि त्या बातमीला ‘केवळ’ हा शब्द लागला! जर ती बातमी आली तशी खरी आली असती, तर तिच्या एकटीच्या भाराने राजवाडा हादरला असता. परंतु खोटी बातमी आधी आली व तिने सर्व अश्रू खर्च करून टाकिले. खरे दुःख मागाहून आले, तेव्हा ते हलके वाटू लागले. वाढीव शब्द खऱ्याची किंमत अशी उतरवितो. गावात एका घरी पटकीचा रोगी सापडला असता ‘गावात माणसे पटापट मरत आहेत’ असे जो ओरडतो, तो लोकांना सावध करीत नाही. दोन दिवसांनी ती आरोळी खोटी ठरते, आणि मग पाणी उकळून प्या असे सांगणाऱ्या परिचारिकेचेही कोणी ऐकत नाही. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती मोठ्यांनी अधिक लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे.

कोर्टकचेरीतही हेच घडते. ज्याचा खरोखर मार खाऊन हात मोडला आहे, तो फिर्याद लिहविताना मारणारा एक असता चार नावे घालतो. काठी असता कुऱ्हाड म्हणतो. त्याला वाटते, ह्याने दावा बळकट होईल. पण उलटतपासणीत कुऱ्हाड नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर काठीवरचाही विश्वास उडू लागतो. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी असे म्हटले आहे की, साक्षीदाराच्या बोलण्यात थोडीबहुत अतिशयोक्ती असतेच. म्हणून तेवढ्यावरून त्याची सगळी साक्ष फेकून न देता न्यायाधीशाने धान्य व भूस पाखडून वेगळे करावे. न्यायालयाची ही सहनशीलता मोठी आहे. परंतु भूस मिसळणारे आपण का व्हावे? पाखडताना भुसाबरोबर काही दाणे वाऱ्यावर उडतातच, आणि ते दाणे गरिबाच्या न्यायाचे असतात.

आता आपल्या नित्याच्या व्यवहाराकडे येऊ. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे. घेतेवेळी तो मालाला नावे ठेवितो, हे भिकार आहे म्हणतो. आणि घेऊन घरी गेला, म्हणजे आपण किती स्वस्तात आणले ह्याची फुशारकी मारतो. ज्याने बैलबाजार पाहिला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावयास नको. विकणाऱ्याच्या तोंडी बैल सिंहासारखा असतो. घेणाऱ्याच्या तोंडी तोच बैल उद्या मरणार असतो. आणि बैल बिचारा दोघांच्या मध्ये होता तसाच रवंथ करीत उभा असतो. बाजाराची ही रीतच आहे, असे म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो. परंतु ज्याच्या घरी शास्त्र वाचले जाते, त्याच्या दाव्याला बांधलेला बैल त्याच्या बोलण्याएवढाच असावा, मोठाही नाही व लहानही नाही. ह्या घरचे माणूस बोलते तेवढेच असते, अशी साख एकदा गावात बसली, तर तो पुष्कळ प्रवचनांहून मोठा उपदेश होईल.

घरात ही खोड ‘नेहमी’ व ‘कधीच’ ह्या दोन शब्दांच्या रूपाने राहते. भाकरी एक दिवस करपली, की ‘तुझी भाकरी नेहमीच करपते.’ धनी एकदा बाजारातून मीठ आणावयास विसरला, की ‘तुम्हांला घराची आठवण कधीच नसते.’ सून एकदा उशिरा उठली, की सासूच्या तोंडी ती रोज उन्हे वर येईपर्यंत निजते. ज्याच्यावर एका दिवसाचा दोष आहे, त्याच्यावर आपण साऱ्या जन्माचा दोष लादतो. मग तो मनुष्य आपली एक चूक कबूल करावयाचे सोडून आपल्या साऱ्या जन्माचा कैवार घेऊन भांडू लागतो, आणि चूक जेथल्या तेथे राहते. ‘आज भाकरी करपली’ एवढेच म्हटले असते, तर कदाचित दोघांनाही हसू आले असते.

मंडळीत ह्याच खोडीने दुसरा वेष घेतलेला असतो. तेथे ‘सगळी मंडळी म्हणते’ असे म्हणण्याची चाल आहे. पंचांच्या सभेत एक जण उठतो व सांगतो की, पाळकांविषयी सगळी मंडळी नाराज आहे. विचारपूस केली, म्हणजे सगळी मंडळी ही तो स्वतः, त्याचा मेहुणा व विहिरीवर भेटलेला एक शेजारी, एवढीच निघते. तिघांची नाराजी खरी असेल, तर ती तिघांची म्हणून सांगावी. तिघांचेही ऐकले पाहिजे. परंतु तिघांचे सगळे करणे हे तर त्या दहा हेरांचेच काम झाले. तेथेही तीनच होते!

येथे कोणी विचारील की, आपल्या प्रभूनेही वाढवून बोलण्याची रीत वापरली नाही काय? डोळ्यातले मुसळ व कुसळ, सुईच्या नाकातून जाणारा उंट, चिलट गाळून उंट गिळणारे लोक, हे काय आहे? प्रश्न रास्त आहे. आपल्या साहित्यशास्त्रातही अतिशयोक्ती हा एक अलंकार मानिला आहे. परंतु अलंकार व फसवणूक ह्यांत भेद आहे, आणि तो ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रभूचे शब्द ऐकून कोणीही असे समजला नाही की, खरोखरच कोणाच्या डोळ्यात मुसळ बसले आहे. ऐकणारा हसतो, मग गप्प होतो, मग आपल्या स्वतःच्या डोळ्याकडे पाहू लागतो. तो शब्द ऐकणाऱ्याला सत्याजवळ नेतो. आणि ज्या बोलण्याविषयी आपण आज विचार करीत आहो, ते ऐकणाऱ्याला सत्यापासून दूर नेते, व त्याने ते अक्षरशः खरे मानावे, अशी बोलणाऱ्याची इच्छा असते. ज्या प्रभूने उंट व सुई ह्यांचा दाखला दिला, त्यानेच डोंगरावरील प्रवचनात आपले होय हे होय व नाही हे नाही असावे, अशी आज्ञा केली. एकाच मुखातून दोन्ही निघाले, आणि त्यांत विरोध नाही.

शुभवर्तमानकारांचे लिहिणेही असेच मोजके आहे. कोळ्यांच्या तोंडी मासा हात वर करावा तसा वाढतो, असे लोक थट्टेने म्हणतात. पण योहान, जो स्वतः कोळी होता, तो आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटल्या अध्यायात जाळ्यात आलेल्या मोठ्या माशांची संख्या १५३ देतो. दीडशे म्हटले असते, तरी चालले असते. शेकडो म्हटले असते, तर कोणी विचारले नसते. त्याने मोजले तेवढे लिहिले. मचवा किनाऱ्यापासून किती दूर होता, हे मात्र कोणी मोजले नव्हते. म्हणून तेथे तो सुमारे दोनशे हात, असे म्हणतो. पाच हजारांच्या भोजनाच्या वेळीही ‘सुमारे’ हाच शब्द आहे. लूक जेव्हा पौलाच्या गलबताच्या फुटण्याची हकिकत लिहितो, तेव्हा त्यावर २७६ माणसे होती, असे सांगतो. मोजले तेथे नेमका आकडा, न मोजले तेथे ‘सुमारे’. एवढे मोठे चमत्कार सांगणाऱ्या माणसांची लेखणी किती सावध आहे! ज्याच्यापाशी खरोखर मोठी गोष्ट सांगावयास असते, त्याला ती फुगवावी लागत नाही.

हा कित्ता आपल्या मंडळ्यांनी, आणि विशेषेकरून सेवकवर्गाने, पुढे ठेवावा. उपासनेला चाळीस माणसे होती, तर वृत्तांतात चाळीसच असावीत. ‘मोठा समुदाय लोटला होता’ असे लिहिण्याने देवाचे राज्य एक वीतही पुढे सरकत नाही. साक्ष देताना काहींना आपले पूर्वीचे पाप आहे त्याहून काळे रंगविण्याचा मोह होतो, म्हणजे पुढील पालट अधिक उजळ दिसेल. दान देणाऱ्यालाही असा मोह होतो. हनन्या व सप्पीरा ह्यांनी काही दिले नाही, असे नव्हे. त्यांनी दिले; पण थोडे दिले व सगळे दिले असे दाखविले. शेत तुमचेच होते व पैसाही तुमच्याच हाती होता, असे पेत्राने त्यांना स्पष्ट सांगितले. अर्धे देण्यात पाप नव्हते. अर्ध्याला पूर्ण म्हणण्यात पाप होते. प्रभूने मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरेसा आहे, असे सांगितले असता आपण आपला विश्वास पर्वताएवढा दाखविण्याची खटपट कशासाठी करावी?

तथापि जो दुःखाने वाढवून बोलतो, त्याच्याशी कठोरपणे वागू नये. एलीया संदेष्टा ईजबेलीच्या भीतीने पळाला, आणि होरेब डोंगरावर दोन वेळा म्हणाला की, मी एकटाच उरलो आहे. हे खरे नव्हते. ओबद्याने शंभर संदेष्ट्यांना पन्नास पन्नास करून गुहांत लपविले होते, व हे त्याने एलीयाला सांगितलेही होते. परंतु थकलेल्या मनुष्याला शंभरांची आठवण राहत नाही. देवाने त्याला प्रथम झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खावयास दिले. पुढे त्याचे गाऱ्हाणे दोन वेळा ऐकून घेतले. मग काम सांगितले. आणि अगदी शेवटी, बआलापुढे न वाकलेले सात हजार लोक इस्राएलात राखून ठेविले आहेत, हा हिशेब दिला. ज्या विधवेचा मुलगा शहरात जाऊन तिला विसरला आहे, ती ‘मला जगात कोणी नाही’ असे म्हणते, तेव्हा तिला आकडे सांगू नयेत. आधी तिच्या चुलीपाशी भाकर न्यावी. सात हजारांची गोष्ट मागाहून सांगता येते.

परंतु आपण स्वतः आपल्या जिभेशी मात्र कठोर असावे. त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. पाहिलेले व ऐकलेले ह्यांची सरमिसळ करू नये. जे ऐकले ते ‘ऐकले’ असे म्हणूनच सांगावे, आणि कोणाकडून ऐकले हे ठाऊक नसेल, तर पुढे सांगूच नये. ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द ओठांवर आले असता क्षणभर थांबून मोजावे. ज्याच्याविषयी बोलतो, तो दारात उभा आहे, असे समजून बोलावे. भ्रमणध्वनीवर आलेला भीतीचा संदेश पुढे धाडण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे. आणि वाढवून बोलल्याचे ध्यानात आले, तर त्याच ठिकाणी, त्याच माणसांपुढे, ‘तितके नव्हते, इतके होते’ असे म्हणावे. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, आणि सर्वांत गुणकारीही आहे.

शेवटी पुन्हा कालेबाकडे पाहू. त्याने कनानातील तटबंदी नाकारली नाही. राक्षस मुळीच नाहीत, असेही तो म्हणाला नाही. भीतीला उत्तर म्हणून त्याने खोटे धैर्य फुगविले नाही. पंचेचाळीस वर्षे लोटली. तो पंच्याऐंशी वर्षांचा झाला, तेव्हा यहोशवापाशी येऊन त्याने तोच हेब्रोनचा डोंगराळ प्रदेश मागितला. आणि मागताना स्वतःच सांगितले की, तेथे अनाकवंशी आहेत व मोठी तटबंदीची नगरे आहेत. म्हातारपणीही त्याच्या तोंडी बातमी तीच राहिली, वाढली नाही व घटली नाही. मग तो गेला आणि त्याने अनाकाच्या तिघा पुत्रांना तेथून घालविले. शास्त्रात पुन्हा तीच तीन नावे आली आहेत. जे तीन होते, ते तीनच निघाले. राक्षसांना ज्याने मोजले, त्याला ते जिंकता आले. ज्यांनी मोजले नाही, त्यांची हाडे अरण्यात राहिली.

हे प्रभू, आमच्या ओठांच्या दारावर पहारा ठेव. जे मोठे आहे, ते आम्हांला मोठे दिसू दे. जे लहान आहे, ते लहान दिसू दे. आणि आमच्या एका वाढीव शब्दाने कोणा परक्याच्या, दुबळ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या घरावर दगड पडू देऊ नको. आमेन.